होई आनचा सूट : तीन रात्री, दोन ट्रायल आणि पाव इंच माया

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. हा शब्द मी अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून शिकले, तेव्हा त्याचा दुसरा अर्थ मला माहीत नव्हता. अण्णा सांगलीत एका दुकानात ३१ वर्षं कटर होते आणि घरी आई ब्लाउज शिवायची. हे आधीच सांगते, कारण पुढच्या प्रकरणात ज्या चुका झाल्या त्या शिवणकामातल्या अडाण्यांनी केलेल्या नाहीत. निदान मी तरी अडाणी नव्हते.

मार्च २०२४ मध्ये ताई, भावोजी आणि मी सहा दिवसांसाठी व्हिएतनामला गेलो. ताईच्या मुलाचं लग्न मे महिन्यात सांगलीत होतं आणि भावोजींना स्वागत समारंभासाठी सूट हवा होता. त्यांच्या बँकेतल्या कुणीतरी डोक्यात भरवून दिलं की दा नांगजवळ होई आन नावाचं गाव आहे, तिथे चोवीस तासांत सूट मिळतो आणि तोही मातीमोल. झालं. तिकिटं समुद्रकिनाऱ्यासाठी काढली होती, पण सगळं नियोजन सुटाभोवती फिरायला लागलं. यादी वाढत गेली. भावोजींचा सूट आणि दोन शर्ट, मला लिननचं जॅकेट, ताईला एक आओ याय (लांब अंगरखा आणि खाली सैल पायजमा, तिकडच्या बायकांचा पोशाख). आणि शेवटच्या क्षणी ताईने बॅगेत आईची जुनी इरकल टाकली. तिचं काय करायचं ते तिथे गेल्यावर ठरवू म्हणाली.

होई आनचं आणि कापडाचं नातं पर्यटकांनी जोडलेलं नाही. थू बोन नदीच्या मुखाशी वसलेलं हे जुनं बंदर. चिनी आणि जपानी व्यापारी इथे राहून व्यापार करायचे आणि आसपासच्या क्वांग नाम मुलखातलं रेशीम इथून बाहेर जायचं. नदी गाळाने भरत गेली, मोठी गलबतं दा नांगला लागू लागली आणि गाव मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच वाचलं, असंही म्हणता येईल. १९९९ मध्ये युनेस्कोने जुन्या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, जगभरचे लोक यायला लागले, आणि पिवळ्या भिंतींच्या त्या चार-पाच गल्ल्यांत शेकडो शिवणदुकानं उभी राहिली. आज कंदील, जेवण आणि टेलर या तीन गोष्टींवर ते गाव चालतं.

एका दिवसात सूट ही कल्पना मात्र होई आनची नाही. ती खरी हाँगकाँगची. चीनमधल्या सत्तांतरानंतर शांघायचे कसबी शिंपी हाँगकाँगला आले, आणि साठच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धातून थोड्या दिवसांच्या सुट्टीवर येणारे अमेरिकन सैनिक त्यांचं गिऱ्हाईक झाले. सुट्टी संपताच परत लढाईवर जाणाऱ्या माणसाला 'पुढच्या आठवड्यात या' सांगून भागत नाही. ज्या युद्धाने या घाईला गिऱ्हाईक दिलं त्याच देशात आज ती घाई विकली जाते, हे मला तिथे फिरताना सारखं आठवत होतं.

पहिली संध्याकाळ

मंगळवारी दुपारी एकला आम्ही होई आनच्या हॉटेलात पोचलो. शुक्रवारी सकाळी अकराला निघायचं होतं. म्हणजे तीन रात्री. हे गणित लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यात आहे.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने चहाच्या आधी एका टेलरचं कार्ड हातात दिलं आणि 'दहा टक्के सूट' असं काहीतरी म्हणाला. भावोजी खूश, कारण त्यांना वाटलं सूटवर सूट. त्या दुकानात दोन तुकड्यांच्या साध्या सुटाचा भाव निघाला २६० डॉलर. कार्डामागे हॉटेलचं कमिशन असतं हे उघड गुपित आहे. बँकॉकमध्ये तर रिक्षावाला 'राजवाडा आज बंद आहे' असं सांगून थेट टेलरच्या दारात नेऊन सोडतो. त्या मानाने होई आन फारच सभ्य. आम्ही तिथून निघालो आणि पायी हिंडत राहिलो.

सात दुकानं केली. मला वाटतं त्यातल्या तीन दुकानांचं काम एकाच कारखान्यात जात असावं, कारण रस्त्यावरून एकच स्कूटरवाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट घेऊन तिन्हीकडे थांबताना दिसला. ही तिथली पद्धत आहे. समोरचं दुकान म्हणजे काच, आरसे, कापडाचे तागे आणि माप घेणाऱ्या मुली. शिवणारे हात गावाबाहेर, कुणाच्या घरात नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये. त्यामुळे 'कुठलं दुकान चांगलं' या प्रश्नाला तसा अर्थ राहत नाही. आपला कोट त्या दिवशी कुणाच्या मशीनवर पडतो, त्यावर सगळं.

सातव्या दुकानातली मुलगी आम्हाला आवडली. तिथल्या भाषेत माणसाला नात्यानेच हाक मारतात, आपल्यासारखं. ती ताईला 'चि' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण, आणि स्वतःला 'एम', म्हणजे धाकटी. ताई तिथेच विरघळली. मी विरघळले नाही. मी २०५ डॉलरचा सूट १९० वर आणायला बसले. हसतखेळत, कॅल्क्युलेटर इकडून तिकडे सरकवत, मध्ये जेवून येऊन, पुन्हा बसून. रात्री साडेनऊला सौदा पटला तेव्हा मालकीण घरी गेली होती, माप घेणारी बाई गेली होती, आणि कापड उद्या बघू असं ठरलं.

पंधरा डॉलर वाचले. म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेबाराशे रुपये. त्यापायी गेली ती एक अख्खी ट्रायल. दुपारी दोनला पहिल्या बऱ्या दुकानात माप दिलं असतं तर बुधवारी दुपारी पहिली ट्रायल, गुरुवारी सकाळी दुसरी आणि गुरुवारी रात्री तिसरी झाली असती. आम्ही माप दिलं बुधवारी सकाळी अकराला. आमच्या पदरात दोनच ट्रायल राहिल्या आणि दोन्ही एकाच दिवसात. शिंप्याच्या मुलीला हे कळायला हवं होतं.

माप

बुधवारी आधी कापड. मुलीने 'शंभर टक्के काश्मिरी लोकर' म्हणून एक गडद निळा तागा काढला. भाव ऐकूनच शंका आली. मी काठाचा एक धागा ओढून हातात घेतला आणि नुसती तिच्याकडे बघितली. तीच आतून लायटर घेऊन आली. पेटवल्यावर धागा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. लोकर जळते तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. मणी झाला म्हणजे पॉलिएस्टर. ती मुळीच ओशाळली नाही. हसली आणि मागच्या मांडणीतून दुसरा तागा काढला. त्याला केसांचा वास आला, पण बारीकसा मणीही झाला. मिश्र कापड. मी म्हटलं, हेच द्या, फक्त याला मिश्रच म्हणा. १९० डॉलर त्याचेच ठरले होते.

इथे एक पर्याय आम्ही वापरला नाही, त्याची अजून चुटपुट लागते. सुटाला ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड पुरतं, भावोजींच्या अंगासारखं अंग असेल तर साडेतीन. ते सांगलीतून नेता आलं असतं. बहुतेक दुकानं फक्त शिलाईवरही शिवून देतात. मे महिन्यातल्या सांगलीच्या उकाड्यात चालेल असं हलकं लोकरी कापड इथे आपल्या हाताने चाचपून घेता येतं.

मग माप. मुलगी चपळ होती. सेंटिमीटरमध्ये बावीस आकडे तिने पाच मिनिटांत घेतले, दुसरीने लिहिले, तिसरीने समोरून एक फोटो काढला. आणि त्या पाच मिनिटांत भावोजींनी पोट आत ओढून धरलं होतं. मापाच्या टेपसमोर प्रत्येक पुरुष हे करतो. अण्णांची त्यावर युक्ती होती: छातीचं माप झालं की ते गिऱ्हाइकाला पावसाबद्दल काहीतरी विचारायचे, किंवा ऊसदराबद्दल. माणूस बोलायला लागला की पोट आपोआप सुटतं, तेव्हा टेप आवळायची. शिवाय भावोजींच्या खिशात पाकीट होतं, चष्म्याची केस होती, आणि पायात चपला. पॅन्टची उंची बुटावर घ्यायची असते हे मी सांगितलं, तर बूट हॉटेलात. अंदाजाने दोन सेंटिमीटर वाढवले.

सगळ्यात महत्त्वाचं राहूनच गेलं. भावोजींचा उजवा खांदा पडका आहे. डाव्यापेक्षा अर्धा इंच तरी खाली. आकड्यांत हे येत नाही, कारण खांद्याची रुंदी दोन्हीकडे सारखीच भरते. आपल्याकडच्या दुकानात माप घेणारा आणि कापड बेतणारा मास्तर एकच असतो. तो बघतो, वहीत 'उ. खांदा पडका' लिहितो, आणि लिहायला विसरला तरी संध्याकाळी कातर हातात घेताना त्याला तो माणूस आठवतो. होई आनला बेतणाऱ्याने भावोजींना कधी पाहिलंच नाही. त्याच्याकडे गेले बावीस आकडे आणि पोट आत घेतलेल्या माणसाचा एक फोटो.

त्याच टेबलावर माझं जॅकेट आणि ताईचं काम मात्र वेगळ्या रीतीने झालं. मी माझं जुनं, अंगाला नीट बसणारं सुती जॅकेट बरोबर नेलं होतं. हे जसंच्या तसं लिननमध्ये करा, म्हटलं. त्यांनी माप घेतलंच नाही. जॅकेट ठेवून घेतलं. तेव्हा मला तो आळस वाटला.

इरकल

आईची इरकल काळी, काठ लाल, पदर तांबडा आणि त्यावर पांढऱ्या नक्षीच्या रांगा. अंगाचा धागा सुती, पदर रेशमी. तीस-पस्तीस वर्षांची असेल. नेसायची म्हटलं तर घडीवर चिरत होती, टाकायची म्हटलं तर हात होत नव्हता. ताईला तिचं लांब, बिनबटणी जॅकेट करायचं होतं.

मुलीने साडी टेबलावर पसरली आणि सरळ पदराकडे बोट दाखवून कॉलरची खूण केली. तिच्या दृष्टीने बरोबरच होतं. सगळ्यात नक्षीदार तुकडा चेहऱ्याजवळ. पण आपला डोळा काठ खाली शोधतो. काठ घेराला, पदर पाठीवर, आणि अंगाचं साधं काळं कापड पुढे. हे तिला शब्दांत सांगणं अशक्य होतं. फोनवरच्या भाषांतराने 'पदर' या शब्दाचं काय केलं देव जाणे, तिने एकदम शेजारची दुसरी मुलगी बोलावली आणि दोघी गंभीर चेहऱ्याने आमच्याकडे बघायला लागल्या.

शेवटी ताई उभी राहिली आणि तिने ती इरकल तिथेच, जीन्सवरून, नेसून दाखवली. निऱ्या घातल्या, पदर घेतला, फिरून पाठ दाखवली. दुकानातल्या सगळ्या मुली जमल्या. मालकीणबाई आतून आल्या. काठ पायाशी का आणि पदर पाठीवर का, हे कुणाला विचारावं लागलं नाही. मग आम्ही साडी परत पसरली, कागदाचे तुकडे कापून टाचण्यांनी लावले, कुठल्या कागदाखाली काय येणार ते चित्र काढून त्यावर ताईने सही केली, कारण साडी एकदा कापली की कापली. जिथे घडीवर विरली होती ती पट्टी मी खडूने बाद केली. आतून पूर्ण अस्तर लावायचं ठरवलं, म्हणजे ताण जुन्या सुतावर न येता अस्तरावर येईल. आकारासाठी ताईने अंगातलंच जॅकेट काढून दिलं. यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाला भाव नव्हता, म्हणून त्यात घासाघीसही नव्हती.

आगाऊ रक्कम अर्धी. हिशोब होता ४२० डॉलरचा, म्हणजे एक कोटी डोंगांहून थोडा जास्त. एका रुपयाला तेव्हा जवळजवळ ३०० डोंग पडत होते. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा कोटीच्या व्यवहारात सही केली म्हणून फोटो काढून घेतला. पैसे मोजताना त्यांनी पाच लाखांच्या निळसर नोटांत एक वीस हजारांची निळी नोट सरकवली. तिथे सगळ्यांचीच ही चूक होते. मुलीने ती परत केली आणि मागच्या बाजूच्या चित्रावर बोट ठेवलं: होई आनचा जपानी पूल. खरा पूल त्या वेळी दुरुस्तीसाठी झाकलेला होता. आम्ही तो नोटेवरच पाहून आलो.

(शाकाहारी मंडळींसाठी: 'चाय' अशी पाटी दिसली तर चहा मागू नका. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी जेवण. भावोजींनी दोनदा मागितला.)

ट्रायल

गुरुवारी सकाळी अकराला पहिली ट्रायल. कोट बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. तो पुरा होता. अस्तर बंद, बाह्या चढवलेल्या, कॉलर बसवलेली, फक्त बटणं लावायची बाकी. पहिली ट्रायल कच्च्या शिलाईवर असते, पांढऱ्या दोऱ्याचे टाके दिसत असतात, बाही नुसती टाचलेली असते, ती याचसाठी की खांदा उघडून परत बेतता यावा. चोवीस तासांत कोट द्यायचा तर कच्ची शिलाई करून उसवायला वेळ कुणाला आहे? तो सरळ पक्का शिवतात आणि मग जे बाहेरून दुरुस्त होईल तेवढं करतात.

बाहेरून काय दुरुस्त होतं? बाहीची लांबी होते, मनगटाशी खरी काजं पाडलेली नसतील तर. कंबर आत घेता येते, पॅन्टची मोहरी (पायाशीचा घेर), उंची होते. काय होत नाही? खांद्याची रुंदी, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा गोल), कोटाची लांबी, खिशाची जागा. भावोजींच्या उजव्या काखेखालून तिरप्या तीन चुण्या कमरेकडे जात होत्या. कॉलर मानेपासून बोटभर सुटत होती. आणि पोट आता आत ओढलेलं नव्हतं, त्यामुळे कोटाचा पुढचा घेर वर उचलला जाऊन मागच्यापेक्षा आखूड दिसत होता. मोठ्या पोटाला पुढचा भाग लांब बेतावा लागतो, कापड पोटावरून चढून खाली यायचं असतं. हात वर केला तर अख्खा कोट वर यायचा, कारण मुंढा खोल होता. लोकांना वाटतं मुंढा मोठा असला की हात मोकळा होतो, असतं उलट.

मी मुलीला उजवा खांदा दाखवला. तिच्या लक्षात लगेच आलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने खडूने खुणा केल्या, टाचण्या लावल्या, एका चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या आणि ती चिठ्ठी कोटाच्या बाहीला टाचली. स्कूटरवाला कोट घेऊन गेला.

रात्री आठला दुसरी ट्रायल. कारागिराने खांदा उघडला नव्हता. उजव्या खांद्यात एक पॅड जास्त भरला होता. तीनपैकी दोन चुण्या गेल्या. आरशात खांदे समान दिसले. कॉलर थोडी बसली. पुढचा आखूडपणा तसाच. मी म्हटलं, हा भाग नवीन कापा. मुलगी घड्याळाकडे बघून म्हणाली, परवा मिळेल. परवा आम्ही दा नांगला असणार होतो आणि त्याच रात्री विमान होतं. तिसरी ट्रायल जिथे व्हायला हवी होती ती वेळ मी मंगळवारी रात्री पंधरा डॉलरला विकली होती.

भावोजी म्हणाले, "अहो राहू दे. लग्नात माझ्या पोटाकडे कोण बघणार?" ताई म्हणाली, "फोटोग्राफर."

आणि शेजारच्या हँगरवर माझं लिननचं जॅकेट. घातलं आणि काही बोलावंच लागलं नाही. इरकलचं जॅकेट त्याहून सरस. काठ घेराला फिरला होता, पुढच्या दोन्ही कडांना जुळला होता, पाठीवर पदराच्या रांगा सरळ. तेच दुकान, बहुधा तोच कारखाना, तेच चोवीस तास. फरक एवढाच की या दोन कपड्यांबरोबर कारागिराच्या हातात एक जुना कपडा गेला होता. पडका खांदा, वाकलेली मान, कोपराशी पडणारा बाक, आकड्यांत न मावणारं सगळं त्या जुन्या कापडात आधीच होतं. भावोजींचा १५ वर्षांपूर्वीचा सूट कपाटात आहे. कंबर लागत नाही, पण खांदा अजून चोख बसतो. अण्णांनीच बेतलेला. तो नेला असता तर?

हिशोब

सूट १९० डॉलर, लिनन जॅकेट ८५, इरकलची शिलाई अस्तरासकट ४५, आओ याय ५०, दोन शर्ट ५०. डॉलरला ८३ रुपये धरून ३४,८६०. त्या वेळी परदेशातून येणाऱ्याला माणशी ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त आणता येत होतं, त्यामुळे कस्टमचा प्रश्न आला नाही.

आता खरी गोष्ट. सूट १५,७७० रुपयांना पडला. सांगलीत आमच्या ओळखीच्या मास्तरांकडे शिलाई सात हजार आणि तशाच मिश्र कापडाचे तीन-साडेतीन हजार धरले तर साडेदहात होतो. शर्ट तिकडे दोन हजार पंच्याहत्तरला एक. इथे कापडासकट तेराशे. 'होई आन स्वस्त आहे' हे वाक्य ऑस्ट्रेलियातून किंवा युरोपातून आलेल्या माणसाचं आहे. त्याच्या गावात मापाचा सूट शिवणं ही चैन आहे, कोपऱ्यावर शिंपी नाही. आपल्या कोपऱ्यावर अजून आहे, आणि भावोजींच्या बँकेतल्या माणसाने दुसऱ्याचं कौतुक आपल्या खिशाला लावून सांगितलं.

लिननचं जॅकेट मात्र वसूल झालं. बायकांचा कोट किंवा जॅकेट बेतणारा मास्तर मला पुण्यात शोधूनही मिळत नाही; पुरुषांचे टेलर छातीपाशी अडखळतात आणि ब्लाउजवाल्या बाई लॅपलला, म्हणजे कोटाच्या पुढच्या उलटवलेल्या पट्टीला, हात लावत नाहीत. आओ याय तर तिथेच शिवायचा. इरकलच्या जॅकेटचे ३,७३५ रुपये मी तिथे गुपचूप जास्त मानले होते. ताईने ते लग्नाच्या आदल्या दिवशी सीमांतपूजनाला घातलं, आणि आईने लांबूनच ओळखलं.

सांगलीत

एप्रिलमध्ये सूट आमच्या मास्तरांकडे नेला. ते अण्णांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी आधी कोटाच्या छातीचा भाग चिमटीत धरून दोन्ही थर चोळले. मध्ये कॅनव्हास (आकार धरणारं आतलं जाड कापड) सुटा असेल तर तिसरा थर बोटांना लागतो. इथे सगळं एकजीव, म्हणजे चिकटवलेलं. "धुलाईला जपून द्या, फोड येतील," म्हणाले. मग अस्तर उसवलं, फुटपट्टी लावली आणि माझ्याकडे बघितलं. दोन्ही कुशीत, म्हणजे बाजूच्या शिवणीत, माया पाव इंच. पाठीच्या मधल्या शिवणीत मात्र पाऊण इंच.

पाठ सोडवली, बटण सरकवलं, पॅन्ट मागून सैल केली. जास्तीचा पॅड काढून खांदा उघडून बसवला, शेवटची चुणी गेली. पुढचा आखूडपणा राहिला. नसलेलं कापड कुठून आणणार? नऊशे रुपये झाले. साडेबाराशे वाचवले होते, त्यातले साडेतीनशे हाती राहिले. लिननच्या जॅकेटची बाही पहिल्या धुण्यात अर्धा इंच आटली, तिथे दुमडीत दीड इंच माया होती, ती मीच घरी सोडवली.

स्वागत समारंभात भावोजींनी कोटाचं बटण लावलं नाही. उकाडा होता, कुणाला काही वाटलं नाही. फोटोत सूट छान दिसतो. इतका की दिवाळीच्या सुमारास होई आनच्या दुकानातून संदेश आला, 'तुमची मापं आमच्याकडे आहेत, दुसरा सूट १७० डॉलरला पाठवू', तेव्हा भावोजी मोहात पडले. त्यांनी मला विचारलं. मी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "त्यांच्या कागदावर खांद्याचं लिहिलंय का तेवढं बघा."

भावोजींनी मापाच्या कागदाचा फोटो मागवला. दहा मिनिटांत आला. सुवाच्य अक्षरात बावीस आकडे. दुरुस्तीच्या त्या चार ओळी नव्हत्या. ती चिठ्ठी कोटाच्या बाहीला होती आणि बाहीबरोबर गेली. खाली कोपऱ्यात पेनाने एकच शब्द लिहून त्याला गोल केला होता. खांदाच असेल म्हणून आम्ही फोनला अर्थ विचारला.

फोन म्हणाला, 'पोट'.